लेकीच्या दाराला दादाचं कुलूप

माझा दादा किल्ल्या बनवतो. बसथांब्यासमोर त्याची टपरी आहे. उभं राहिलं की डोकं आपटतं, बसलं की गुडघे. उभा जन्म लोकांची दारं बंद करण्यात गेला, पण स्वतःच्या खोलीला नुसती कडी. "माझ्याकडे न्यायला आहे काय? कानशी? नेल्या तर नेऊ देत, बोथटच झाल्यात."

वहिनी गेल्यापासून तो आणि मी शेजारशेजारच्या खोल्यांत राहतो. त्याची लेक, जिला आम्ही अजून बबडीच म्हणतो, मोठ्या शहरात एका रक्तपेढीत कामाला आहे. एकटीच राहते. एका संध्याकाळी तिच्या गल्लीच्या कोपऱ्यावर कुणीतरी हिसडा मारून तिचा मोबाइल पळवला. खांदाही दुखावला. परक्या नंबरवरून तिचा फोन आला तेव्हा दादाच्या हातातली किल्ली अर्धवट घासलेलीच राहिली.

"सामान बांध आणि घरी ये."

"नोकरी सोडून? बाबा, मी नाही येणार. तुम्हीच या माझ्याकडे राहायला. कायमचे."

"त्या चोरांच्या गावात? मी?"

पुढे रोज तेच. ती म्हणे या, हा म्हणे ये. शेवटी शेवटी दोघं फोनवर नुसतं "जेवलीस का, जेवलात का" करून ठेवायला लागले, तेव्हा माझं धाबं दणाणलं. देवासमोर बसले की एकच मागायची, कुणीही कुठेही राहो, पण या बापलेकीचं बोलणं तुटू देऊ नकोस. मग मीच म्हटलं, "दादा, बघून तरी येऊ. नाहीच पटलं तर तिला हाताला धरून आणू."

तो तयार झाला. निघताना त्याची बॅग उचलायला गेले तर जागची हलेना. कपडे कसेबसे वरच्या वर, खाली सगळी कुलपं.

शहरात उतरल्यापासून दादाचा हात खिशावरून निघाला नाही. बबडीचं घर तिसऱ्या मजल्यावर. समोरच्या दाराला बघायचं भोक, आणि जाता-येता त्या भोकात डोळा.

"ती बाई आपल्यावर नजर ठेवून असते," दादा हळूच म्हणाला. "टेहळणी आहे ही. चोरांना खबर देत असणार."

बबडी खो खो हसली. "अहो, त्या टेलिफोनवाल्या मावशी. एक्स्चेंजमध्ये होत्या. जन्मभर सगळ्यांचं ऐकलं, आता ऐकू कमी येतं म्हणून बघतात."

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेल्यावर दादाने दाराचं जुनं कुलूप काढून टाकलं. "हे कुलूप आहे? फुंकर मारली तर उघडेल!" आणि स्वतःचं, दार ओढलं की आपोआप लागणारं, बसवलं. मी तेवढ्यात बारीक गॅसवर दूध ठेवलं होतं.

आता त्याच्या कामाची एक ठरलेली रीत आहे. कुलूप बसलं की किल्ल्या गिऱ्हाइकाच्या हातात द्यायच्या. गिऱ्हाईक आत, आपण बाहेर. दार ओढून, हलवून बघायचं आणि गिऱ्हाइकाने आतून उघडायचं. त्या दिवशी गिऱ्हाईक मी. किल्ल्या त्याने दिल्या, पण माझे हात ओले म्हणून मी त्या टेबलावर ठेवल्या. त्याने बाहेरून दार गदागदा हलवलं. मी उघडलं.

"बाहेर ये, बघ. हत्ती आणला तरी हलायचं नाही."

मी बाहेर गेले. मला दाखवायला म्हणून त्याने पुन्हा दार ओढलं. खट्.

दादा बनियनवर, हत्यारं आत, मोबाइल आत.

"किल्ल्या?"

"टेबलावर."

"मग तुला दिल्या कशाला होत्या?"

"मग मला बाहेर बोलावलंस कशाला?" असं म्हणता म्हणता मला आठवलं. "दादा, गॅसवर दूध आहे!"

बेल न वाजवताच समोरचं दार उघडलं.

"सकाळपासून बघतेय," मावशी म्हणाल्या. "म्हटलं, हा माणूस आता स्वतःच बाहेर राहणार." आणि खिळ्यावरची किल्ली काढून त्यांनी पुढे केली. "घ्या. बबडीने ठेवलीय माझ्याकडे."

दादाने किल्ली बघितली आणि मान खाली घातली. "ते कुलूप मी काढलं."

"काढलंत? कालपर्यंत मी दार उघडून दिलं असतं की हो!"

तोवर करपल्याचा वास आला. मावशींनी कठड्यावरून खाली जी हाक दिली, तिला टेलिफोनची गरजच नव्हती. तळमजल्यावरचा सुतार ड्रिल घेऊन धावत आला, त्याच्या मागून निम्मी इमारत. सुतार पुढे सरसावला तसं दादाने ड्रिल मागून घेतलं. "द्या. माझं कुलूप आहे, मीच फोडतो."

फुटता फुटेना. घाम गळत होता, आणि मागून मावशी, "मजबूत आहे हां!"

शेवटी दार उघडलं. भांडं काळंठिक्कर, घरभर धूर, बाकी काही नाही. मी गॅस बंद केला, खिडकी उघडली आणि तिथेच हात जोडले.

बबडी आली तेव्हा आम्ही सगळे मावशींच्या दुधाचा चहा पीत होतो. दाराला पडलेलं भोक बघून तिच्या तोंडचं पाणी पळालं. "चोर?"

"सापडला," मावशी म्हणाल्या. "हा काय, बसलाय."

ती उंबऱ्यातच बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

दादाने मावशींना विचारलं, "त्या दिवशी तिने फोन केला तो कुणाच्या फोनवरून?"

"माझ्या. दोन-तीन रात्री माझ्याकडेच झोपत होती. घाबरली होती पोर."

संध्याकाळी दादाने जुनंच कुलूप परत बसवलं आणि किल्ली स्वतः नेऊन मावशींच्या खिळ्याला अडकवली.

"फुंकरीने उघडेल म्हणून सकाळी ओरडत होतात ना?" मावशींनी विचारलं.

"उघडू दे. भोकाला तुमचा डोळा आहे."

मग बबडीकडे न बघताच म्हणाला, "टपरी आवरायला थोडे दिवस लागतील. तोवर अंधाराची एकटी येऊ नकोस." बबडीने त्याचा हात धरून ठेवला.

मोबाइल चोरणारा काही सापडला नाही. कोपऱ्यावरचा दिवाही अजून बंदच आहे. परत निघतानाही दादाचा हात खिशावरच होता. पण त्याची बॅग मी एका हाताने उचलली. कुलपं त्याने बबडीच्या कपाटात ठेवली होती.

बसमध्ये मला कितीतरी दिवसांनी डुलकी लागली. जाग आल्यावर मी विचारलं, "तू गेल्यावर तुझ्या खोलीला कुलूप कुठलं लावू?"

"कडीच असू दे," दादा म्हणाला. "शेजारी तू आहेस ना."