माझं नाव सांग

नव्वदच्या सुमाराची गोष्ट. मी रोह्यात मास्तर होतो आणि पेणच्या एका सर्जनकडे गुपचूप आलो होतो. अंडकोषाजवळच्या शिरा फुगल्यात, मूल होत नाही ते माझ्यामुळे, हे मी घरी सांगितलं नव्हतं.

माझ्याआधी मिठागरातला एक माणूस आत गेला. पायांना मिठाने भेगा पडलेल्या. सोबत बायको नव्हती, म्हातारी आई होती. मध्ये नुसता पडदा, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं.

"डाक्टरसाहेब, माझ्या शिरा फुगल्यात म्हनून पोर होत नाय, व्हय ना? आयेसमोर सांगा."

"हो. ऑपरेशन करता येईल."

"मग पोर व्हईल?"

"शक्यता वाढते, खात्री नाही. शिवाय काही महिने वाट बघावी लागेल."

"बघतो. पन नाय झालं, तरी दुसरी बायको करनार नाय. आये, ऐकलंस? आता तिला कायपन बोलायचं नाय."

म्हातारी पुटपुटली, "लोकांना काय सांगू?"

"माझं नाव सांग."

बाहेर आल्यावर त्याने आईला दंडाला धरून सावकाश पायऱ्या उतरवल्या. तो पुन्हा मला कधी दिसला नाही.

ऑपरेशनचा दिवस ठरवून मी घरी परतलो. मूल व्हावं म्हणून आईने बायकोला सोमवार धरायला लावले होते, आणि त्या दिवशीही तिचा उपास होता. मी दोघींना समोर बसवून सगळं सांगितलं. आई उठली. उपास सोडायला दिवस मावळायची वाट न बघता तिने बायकोचं पान वाढलं.