बायजाबाईंची मागची सीट

पडदा वर जातो तेव्हा रविवारची सकाळ आहे. कल्याण-शीळ रस्त्यापासून आत, गोदामांच्या मागे, एक नागमोडी डांबरी पट्टी. एरवी इथे हौशी लोक चिमुकल्या रेसिंग मोटारी फिरवतात. कडेला जुन्या टायरांची भिंत, तिला लाल-पांढरा रंग. आणि पत्र्याच्या शेडमधून प्रमुख पात्र प्रवेश करतं. पोटावर ताणलेला कातडी पोशाख, त्यावर रुळणारी सोन्याची साखळी, काखेत हेल्मेट, आणि चेहऱ्यावर तिसऱ्या घंटेनंतर येतो तो घाम.

हे काळुराम भोईर, राहणार बाळकुम. आमची इमारत उभी आहे ती त्यांच्या भाताच्या शेतावर. आता ते साठीला टेकलेत. तरुणपणी ते भेंडी आणि पडवळ मोपेडवर लादून ठाण्याच्या मंडईत नेत. पुढे टोपली, मागे बायको. बायजाबाई मागे बसून रस्ताभर गिऱ्हाइकांची नावं आठवून देत आणि काळुराम हाक मारत पुढे जात. त्या दोघांचा संसार खरा म्हणजे त्या गाडीवरच झाला. पुढे शेतात टॉवर उभे राहिले, मोपेड भंगारात गेली आणि दारात साडेसहाशे सीसीची काळी, रेड्यासारखी मोटारसायकल आली. तरी मागची सीट बायजाबाईंचीच राहिली.

मग मागच्या वर्षी नाक्यावरच्या वळणावर गाडी आडवी झाली. काळुरामांना खरचटलंसुद्धा नाही. बायजाबाईंचं मनगट मोडलं. प्लास्टर निघाल्यावर त्यांनी जाहीर केलं, "तुमच्या मागं आता भूत बसंल. मी नाय."

आणि त्या शब्दाला जागल्या. गावात कुठे हळद असली की पुढे गाडीवर एकटे काळुराम आणि मागून रिक्षात बायजाबाई, अशी वरात निघू लागली. लोक हसत. काळुरामांना लोकांचं काही नव्हतं. पाठ मोकळी राहते, याचं होतं.

"नाटकवाले," एकदा इमारतीच्या बागेत ते मला म्हणाले, "मना गाडी शिकाची हाय."

"चाळीस वर्षं चालवताय की!"

"चालवतू. पन वलवाला येत नाय, त्या दिवशी समाजला."

अशा रीतीने ते या पट्टीवर आले. शिकवणारी मृणाल ही विठ्ठलवाडीची मुलगी, पंचविशीतली, आठवडाभर एका कारखान्यात नोकरी आणि रविवारी इथे. तिने त्यांची काळी गाडी एकदा निरखली आणि फाटकाबाहेर लावायला सांगितली.

"काका, तुम्ही ती घ्या." ती म्हणजे एकशे दहा सीसीची, आरसे काढलेली, काटकुळी गाडी.

"बाय, असल्या गाडीवर आमचा दूधवाला फिरतं!"

"मग त्याला वळता येत असेल. मोठी गाडी ताकदीच्या जोरावर तुमच्या चुका पोटात घालते. ही लगेच चुगली करते."

चुगली पहिल्याच फेरीत झाली. पट्टीवर चिटपाखरू नसताना काळुरामांनी प्रत्येक वळणावर हॉर्न दिला. मृणालने हॉर्नची वायर काढली, तसा त्यांचा अंगठा बिचारा मुक्यानेच दाबत राहिला. पण खरा दोष अंगठ्यात नव्हता, डोळ्यांत होता. नजर पुढच्या चाकासमोर खिळलेली. ठाण्यात वाढलेला गाडीवाला रस्ता बघत नाही, खड्डे बघतो. इथे डांबर आरशासारखं, तरी ते वळणाच्या मध्यावर ब्रेक दाबत. एकदा तर दिव्याच्या खांबाची सावली चुकवायला गेले.

"वळणाआधी वेग कमी करा," मृणाल पुन्हा पुन्हा सांगे. "मग ब्रेक सोडा, मान फिरवा आणि वळण संपतं तिथे बघा. डोळे जातात तिथे गाडी जाते."

"आन् मधी खड्डा आला तं?"

"इथे खड्डे नाहीत, काका."

"असा रस्ता असतंय, यावर माजा इस्वासच बसत नाय."

असे कित्येक रविवार गेले. घरी येऊन ते जेवताना मान वळवायचा सराव करत, तेव्हा बायजाबाई विचारत, "मान अवघडली काय?" शेवटी त्यांनाच राहवलं नाही. एका रविवारी त्या माझ्याबरोबर रिक्षाने आल्या, डब्यात तांदळाची भाकरी आणि सुकट घेऊन. आल्या आणि नेमक्या सर्वांत अवघड वळणासमोर, जाळीपलीकडे, कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

काळुराम वळणावर आले. त्यांनी मान वर केली, बायजाबाईंना पाहिलं, आणि पाहतच राहिले. गाडी वळलीच नाही. ती सरळ गवतातून, सावकाश, बायजाबाईंच्या दिशेने निघाली आणि टायरांच्या भिंतीत शिरून बंद पडली. काळुराम दोन टायरांच्या मध्ये बसले.

"रस्त्यावर पडून मन भरला नाय," बायजाबाई जाळीतून म्हणाल्या, "म्हनून हितं येऊन पडता काय?"

मृणाल धावत आली. त्यांना कुठे लागलं नाही हे पाहून मग हसू लागली. "काका, आज पहिल्यांदा तुम्ही खाली बघितलं नाहीत! बघितलंत तिथे गाडी गेली की नाही? फक्त बघायची जागा चुकली."

काळुराम हसले नाहीत. टायरात बसूनच ते बायकोला म्हणाले, "नाक्यावर बी असाच झाला गो. तिथं खड्डा व्हता. चुकवाचा म्हनून मी त्याच्याकडंच बगत राहिलो, आन् सरल त्याच्यात गेलो."

बायजाबाईंनी कमरेवरचे हात खाली घेतले. "मना वाटला, नाक्यावरच्या पोरांना रुबाब दाखवत व्हता."

"तो बी थोडा व्हता."

मृणाल बायजाबाईंना म्हणाली, "मावशी, तुम्ही शेडमध्ये बसा. त्यांचं लक्ष जातंय."

"मी हितंच उभी ऱ्हानार," त्या म्हणाल्या. "बगू दे मना."

काळुराम उठले, गवत झटकलं, गाडीला किक मारली. रंगभूमीवर अशी शांतता मी मोजक्याच वेळा अनुभवली आहे. वळणाआधी इंजिनाचा आवाज उतरला. ब्रेक सुटला. हेल्मेट हळूच फिरलं, बायजाबाईंना ओलांडून, थेट पलीकडच्या मोकळ्या रस्त्याकडे. आणि त्या काटकुळ्या गाडीने एका बाजूला झुकून, कुठेही न अडखळता, ते वळण घेतलं. पुढच्या फेरीत पुन्हा. आणि त्यापुढच्या फेरीतही.

"बगलासुदीक नाय माज्याकडं," बायजाबाई मला म्हणाल्या. असा आनंदाने भरलेला तक्रारीचा स्वर मी कुठल्याही नटीच्या तोंडून ऐकलेला नाही.

भाकरी खाऊन आम्ही फाटकाबाहेर आलो. रिक्षावाला थांबला होता. बायजाबाईंनी रिकामा डबा माझ्या हातात दिला. "तुमी जा रिक्षानं," त्या म्हणाल्या. मग लुगड्याचा काष्टा सावरून, दोन्ही बाजूंना पाय टाकून, काळ्या गाडीवर मागे बसल्या.

काळुराम बराच वेळ गाडी सुरू करायचंच विसरले. मग न वळता, समोरच बघत म्हणाले, "लांबच्या वाटंनी जाव गो बायजा. तिकडं वलनं जास्ती हायत."