पानाच्या पाठीवरची माशी

सगळे त्याला ओणव्या म्हणत. सोयाबीनवरची पांढरी माशी पानाच्या पाठीवर बसते. वरून कितीही औषध मारा, ती आपली सुखात. म्हणून हा पाठीवर पंप घेऊन वाकायचा, नोझल आभाळाकडे वळवायचा आणि पान खालून भिजवायचा. उरलेला फवारा त्याच्याच तोंडावर उतरायचा.

"मुलगी बघायलाही ओणवाच गेला असशील," लोक चिडवायचे.

"गेलो होतो की! पाय पाहूनच हो म्हटलं," तो म्हणायचा.

डोळ्यांना चष्मा लाव म्हटलं तर ऐकायचा नाही. "काच धुरकटली की माशी दिसत नाही." असं करता करता डोळेच धुरकटले. ते मात्र त्याने घरातही कळू दिलं नाही.

धाकटी बहीण एकटी राहायची. तिचं जे काही होतं ते त्या सोयाबीनच्या तुकड्यात. तिने विचारलं, "दादा, औषध मारायचं का रे?"

त्याने एक झाड धरून हलवलं. पांढऱ्या माश्यांचा धुरळा उठला आणि पुन्हा पानांखाली विसावला. त्याला दिसली ती नुसती मोकळी हवा.

"माशी नाही. उगाच फवारलंस तर तिला खाणारे किडेही मरतील."

"काहीतरी उडाल्यासारखं वाटलं."

"धूळ असेल. आता तू मला माशी शिकवणार?"

ती हसली. दादाचा शब्द म्हटल्यावर तिने फवारलंच नाही.

पुढे पानं पिवळी पडू लागली. माशी रोग पेरून गेली होती. लागलेल्या झाडाला औषध नसतं. ते उपटायचं, म्हणजे शेजारचं वाचलं तर वाचतं. ऐकल्याबरोबर तो धावत आला, वाकला, सपासप उपटू लागला. बहीण मागून ढीग गोळा करत होती. ढिगात हिरवीगार झाडं पाहून तिचे हात थांबले.

ती पुढे झाली, एका पिवळ्या झाडाला हात लावून म्हणाली, "दादा, हे घे." मग पुढचं. तो तिच्या आवाजामागे सरकत राहिला. चोरी पकडली गेली, हे त्याला कळलं होतं.

बांधाशी येऊन तो हळूच म्हणाला, "हिरवं किती राहिलं गं?"

तिने रानभर नजर फिरवली. या टोकापासून त्या टोकापर्यंत पिवळं.

"पुष्कळ आहे, दादा," ती म्हणाली.