तीन सुऱ्या, एक काडी

बाळांनो,

परवा फोनवर तुम्ही दोघं एकदमच बोलत होतात. शाळेच्या जंगलातल्या कॅम्पसाठी कुठल्या कंपनीची सुरी घ्यावी, असा प्रश्न होता. थोरलीचं मत एक, धाकट्याचं दुसरं, आणि तुमच्या बाबाचं मत असं की सुरी घेऊच नये. मी "विचार करून कळवते" म्हणाले, तेव्हा तुम्हाला वाटलं असेल की आजी टाळतेय. तसं नाही. या विषयावर माझ्याकडे अख्खी वही आहे. फक्त फोनवर सांगायला गेले असते, तर आजोबांनी फोन ओढून घेऊन स्वतःची बाजू मांडली असती. आत्ता ते दाढीला बसलेत. डाव्या हाताने त्यांना पाऊण तास लागतो, तेवढ्यात माझं लिहून होईल.

आजोबा दरवर्षी दिवाळीनंतर आमच्या शाळेच्या मुलांना सह्याद्रीत चार दिवस घेऊन जातात, हे तुम्हाला माहीत आहे. पहिल्या संध्याकाळी ते एका काडीत चूल पेटवतात. कागद नाही, रॉकेल नाही. फांदीची ओली साल सोलायची, आतल्या कोरड्या लाकडाच्या कागदासारख्या पातळ ढलप्या काढायच्या आणि काडेपेटीतली एकच काडी ओढायची. दुसरी लागली तर सगळ्यांची भांडी त्यांनी घासायची, असा नियम त्यांनीच केलाय. कॅम्पात त्यांनी आजवर भांडी घासलेली नाहीत. घरात तर नाहीतच.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात त्यांना पक्षाघाताचा हलका झटका आला. उजवा हात महिनाभर रुसला, मग हळूहळू कामाला लागला. डॉक्टर म्हणाले, बराच सुधारलाय. आजोबा म्हणाले, पूर्ण बरा आहे. मी वहीत 'बरा' लिहून टाकलं.

तुमचा बाबा मात्र ऐकेना. "बाबा, आता बास. जंगलात काही झालं तर? दुसरं कोणीतरी नेईल मुलांना."

"दुसरं कोण? तुझी आई?"

शेवटी आजोबांनीच पैज लावली. दसऱ्यानंतरच्या रविवारी गच्चीवर, व्हिडिओ कॉलवर सगळ्यांसमोर, एका काडीत पेटवून दाखवतो. पेटली तर कॅम्पला जाणार. नाही पेटली तर घरी बसणार आणि कॅम्पचं नाव काढणार नाही. बोलताना आवाज मोठा होता, पण फोन ठेवल्यावर ते बराच वेळ चष्मा पुसत बसले.

त्यांची जुनी सुरी आदल्या कॅम्पात नदीत गेली होती, म्हणून नवी हवी होती. मी शाळेत पस्तीस वर्षं परीक्षांचं काम बघितलं, त्यामुळे निवड करायची म्हटलं की मी रकाने आखते. धार, पातं, मूठ, म्यान, गंज. प्रत्येकाला दहा गुण. उमेदवार तीन.

पहिली सुरी परदेशी कंपनीची, तुमच्यातल्या थोरलीला हवी आहे तसलीच. डबा इतका सुबक की टाकवेना. सोबत पुस्तिका, तिच्यात अस्वल समोर आलं तर काय करावं याची सविस्तर माहिती. बोरीवलीत आमच्या इमारतीच्या मागे नॅशनल पार्क आहे आणि तिथला बिबट्या अधूनमधून भिंतीवर येऊन बसतो, पण त्याच्याबद्दल अवाक्षर नाही. पुस्तिकेचे दोन गुण मी कापले.

दुसरी साकीनाक्याच्या एका मिस्त्रींची. हे गृहस्थ आधी अंधेरीच्या कारखान्यात साचे बनवायचे, आता स्वतःच्या गाळ्यात ऑर्डरप्रमाणे सुऱ्या करतात. पातं मुठीच्या शेवटापर्यंत एकसंध, वजन भरपूर. पाठीवर लाकडाने हाणत राहिलं तर ओंडकासुद्धा चिरते.

तिसरी हायवेलगत पाल टाकलेल्या लोहाराची. नवरा सांडशीत लोखंड धरून बसलेला आणि बायको उभी राहून घण मारणारी. ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यातून त्यांनी माझ्यासमोर पातं ठोकून दिलं. मूठ बसवताना ती बाई म्हणाली, "आजी, लाकूड ओलं हाय. वाळलं की ढिलं होणार. तवा परत आणा, पक्कं करून देऊ." ही आधीच सबब सांगतेय, असं मी मनात म्हटलं आणि तिचे गुण आधीच कमी केले.

महापालिकेच्या माणसांनी सोसायटीतला गुलमोहोर छाटला होता, त्याच्या फांद्या गच्चीवर नेल्या. आजोबा ढलप्या काढणार, मी लिहिणार. परदेशी सुरीने त्यांनी चार हात मारले आणि खाली ठेवली.

"निसटते गं. रबराची मूठ कुठे असते का?"

साकीनाक्याची घेतली. "ही फार बारीक आहे मुठीला."

मी ती मिस्त्रींकडे नेली, मूठ जाड करून आणली. तरी बारीकच. पुन्हा नेली. मिस्त्री वैतागले. "काकू, आता अजून जाड केली ना, तर लाटणं म्हणून वापरा."

लोहाराच्या सुरीची मूठ तर दुसऱ्याच फटक्याला निघून गच्चीच्या कोपऱ्यात गेली. आजोबांच्या हातात काहीच राहिलं नाही आणि पातं फांदीत रुतून बसलं, मागे टोकदार शेपटासारखा उघडा दांडा. मुठीच्या रकान्यात मी शून्य लिहिलं.

रकाने भरून झाल्यावर बघितलं, तर तिन्ही सुऱ्या धारेत उत्तम आणि मुठीत नापास. शाळेत तिन्ही तुकड्या एकाच प्रश्नात नापास झाल्या, तर मी आधी प्रश्नपत्रिका मागवायचे. इथे ते माझ्या लक्षात आलं नाही, असं लिहिणार होते. खरं म्हणजे आलं होतं. मी पान उलटलं.

दसऱ्याला शस्त्रपूजन असतं, तेव्हा तिन्ही सुऱ्या आपल्या विळीशेजारी पाटावर मांडल्या, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची फुलं ठेवली. पूजेची हत्यारं त्या दिवशी वापरायची नसतात. आजोबांना त्या सुट्टीचा एवढा आनंद झाला की मला वाईट वाटलं.

बुधवारी कोळीणमावशी आली. नवरात्रात आम्ही मासे खात नाही, त्यामुळे ती पंधरा दिवसांनी येत होती. दारातच टोपली उतरवून, मोठी विळी पायाखाली दाबून ती बांगडे साफ करायला बसली. आजोबा तिथेच उभे राहून परदेशी सुरीने एका काडकीशी झटापट करत होते.

"काय गो बाय, दसरा गेला, अजून हत्यारं काढून बसलाव?"

"तीनपैकी एकही धड नाही, मावशी," आजोबा म्हणाले. "आजकाल कोणाला मूठच करता येत नाही."

तिने त्यांच्या हाताकडे नीट पाहिलं. "सुरी बरी हाय, बाबा. तुझी ती दोन बोटं मिटत नायत."

आमच्या दोघांत तीन महिने कोणी न बोललेलं वाक्य तिने बांगड्याचं डोकं उडवता उडवता बोलून टाकलं. आजोबांनी सुरी खाली ठेवली. मीही वही मिटली.

"मग आता?" त्यांनी विचारलं. आवाज एकदम लहान झाला होता.

"मग काय? माझा खांदा गेली तीन वर्षं वर जात नाय. मी काय धंदा सोडला? विळी हलते का कधी? ती पायाखाली ऱ्हाते. मासा हलवायचा."

ती गेल्यावर आजोबा स्वयंपाकघरात आले. "अगं, विळीवर बसतात कसं?"

संसाराला सेहेचाळीस वर्षं झाली होती, बाळांनो. मी त्यांना पाटावर बसवलं, तेव्हा दोन्ही गुडघे वाजले. पाय ठेवायला शिकवलं. मग काकडी दिली. दोन्ही हातांनी धरून पात्यावर ढकलायची, बोटं मिटायची गरज नाही. पहिली चकती माझ्या वहीएवढी जाड आली. पाचव्या काकडीपर्यंत पलीकडचं दिसू लागलं. तीन दिवस आम्ही कोशिंबीर खाल्ली.

पण जंगलात स्वयंपाकघरातली विळी नेणार कशी? आणि तेव्हा त्यांना ते बिनमुठीचं पातं आठवलं. गुलमोहोराचा एक ओंडका आडवा टाकला. साकीनाक्याची सुरी मी त्यावर धरली, त्यांनी डाव्या हाताने तिच्या पाठीवर खलबत्त्यातला बत्ता हाणला. चीर पडली. तिच्यात लोहाराच्या पात्याचं शेपूट घातलं, शेजारी पाचर मारली. धड मूठ असती तर ते आत गेलंच नसतं. वहीत मी शून्य खोडून दहा लिहिले. खाडाखोड करण्याची माझी ती पहिलीच वेळ.

रविवारी गच्चीवर लोखंडी घमेलं, फांद्या, काडेपेटी आणि फोनमध्ये तुमचा बाबा. तुम्ही मागे धिंगाणा घालत होतात, तुम्हाला आठवत नसेल. आजोबा ओंडक्यावर पाय ठेवून बसले.

"बाबा, ही चीटिंग आहे," तुमचा बाबा ओरडला. "सुरी हातात धरा ना!"

"ठरलं होतं ते एका काडीचं. हाताचं काही ठरलं नव्हतं. विचार परीक्षकबाईंना."

मी वही उघडून पैज वाचून दाखवली. हाताचा उल्लेख नव्हता. मी निकाल दिला.

दोन्ही हातांनी लाकूड पुढे ढकलत ते ढलप्या काढत राहिले. दोनदा थांबले, तळवा मांडीवर चोळला. कुरळ्या ढलप्यांचा ढीग घमेल्यात रचला आणि काडी ओढली. वारा होता. ज्योत आडवी झाली, ढलप्यांच्या कडा नुसत्या काळ्या पडल्या, धूर आला आणि काडी विझली. आजोबा वाकले आणि अगदी हलकी फुंकर घातली. मग आणखी एक. एका ढलपीची कड लाल झाली, शेजारची पेटली, आणि बघता बघता घमेल्यात जाळ उभा राहिला.

"जा बाबा," तुमचा बाबा म्हणाला. "पण फोन चालू ठेवा."

म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर: कुठल्याही चांगल्या कंपनीची घ्या, पण दुकानात जाऊन आपल्याच हातात धरून बघा, आणि धरवत नसेल तर तसं मोठ्याने सांगा.

परदेशी सुरी आता तुमची पार्सलं उघडते. साकीनाक्याची फणसाला लागते. लोहाराचं पातं अजून त्याच ओंडक्यात आहे, कॅम्पला जातं, एरवी गॅलरीत असतं, पावसाळ्यात मी त्याला तेल लावते. आजोबांची दोन बोटं अजून मिटत नाहीत. कॅम्प चालू आहे.