थांबनानांची करवंटी

महाडला सावित्री नदीच्या तरीवर एक नावाडी होते. धापा टाकत आलेल्या माणसाला ते होडीत घेतच नसत. "थांबा," म्हणत आणि काठावरच्या कातळाकडे बोट दाखवत. मग तो कचेरीचा कारकून असो नाहीतर बाजाराला निघालेली बाई. "बस गो वाईच. बाजार काय पळून जात नाय." सारा तालुका त्यांना थांबनाना म्हणायचा. त्यांचं खरं नाव मी एकदाच लिहिलं, आणि ते लिहायला नको होतं.

मी तेव्हा मामलेदार कचेरीत नवा कारकून होतो. आमचे रावसाहेब नुसते शिंकले तरी माझंच काही चुकलं असं मला वाटे. पलीकडच्या गावांची कामं माझ्याकडे, त्यामुळे आठवड्यातून दोन-तीनदा नानांची गाठ पडे. मला बघताच ते म्हणत, "भाऊसाहेब, खांदे कानाला लागल्यात. खाली घ्या. काळजी पयली खांद्यावर बसते, मंग पोटात उतरते. पोटात गेली का वैद्य लागतो." मी खांदे खाली घेई आणि खरंच बरं वाटे. त्याचाही मला थोडा रागच यायचा.

कातळावर बसूनही ज्याचा जीव थाऱ्यावर येत नसे, त्याच्या हातात नाना करवंटी देत. होडीच्या तळाला बोटभर पाणी असेच. ते उपसून बाहेर टाकायचं. नदीच्या मध्यावर येईपर्यंत माणूस गप्प होई. कज्जा हरलेला एक म्हातारा तर तीन खेपा नुसतं पाणी उपसत बसला होता. "हाताला काम दिलं का डोकं आपसूक गप ऱ्हातं," असं नानांचं म्हणणं.

एकदा उजाडताच तरीवर गेलो, तर नाना घागरीने होडीत पाणी ओतत होते! होडी ठणठणीत होती, थेंबभरही झिरपत नव्हतं. मला बघून ते चोरी पकडल्यासारखे लाजले. "कुणाला सांगू नका, भाऊसाहेब. कळलं तर कोण उपसायचा नाय." मी गळ्याला हात लावून शपथ घेतली.

त्याच वर्षी वैशाखात पलीकडच्या खोतांकडे मी आमरसावर आडवा हात मारला आणि ओसरीवर कलंडलो, तो तिन्हीसांजेला जागा झालो. अलिबागेला पाठवायचे कागद माझ्या पिशवीत होते. ते त्या दिवशीच्या टपालाला चुकले. दुसऱ्या दिवशी रावसाहेबांनी विचारलं, "उशीर का झाला?" माझे खांदे कानाला लागले, जीभ टाळ्याला. आणि मी म्हणालो, "होडी गळकी आहे, साहेब. पाणी उपसत यावं लागतं."

"लिहून द्या," ते म्हणाले. मी दिलं, नानांच्या नावानिशी.

पंचनामा लिहायलाही मीच होतो. होडीत पाणी होतं, सकाळी ओतलेलं. "हे नेहमी असतं?" रावसाहेबांनी विचारलं. नानांनी एकवार माझ्याकडे पाहिलं. काठावर दहा-बारा माणसं उभी होती आणि त्यांतल्या प्रत्येकाने ते पाणी कधी ना कधी उपसलं होतं. खरं सांगितलं असतं तर त्या सगळ्यांचं हसं झालं असतं.

"असतं, साहेब," नाना म्हणाले.

मी ते शब्दशः उतरवून घेतलं. तरीचा मक्ता दुसऱ्याला गेला.

महिनाभर मला अन्न गोड लागलं नाही. स्वतःच्या अक्षराची मला लाज वाटायची. शेवटी सगळं कबूल करायचं ठरवून नानांच्या घरी गेलो. वाटभर वाक्यं पाठ करत होतो. घामाघूम होऊन दारात उभा राहिलो आणि म्हणालो, "नाना, ती तक्रार..."

"थांबा," ते म्हणाले. "पयले बसा. केवढी धाप लागली तुमाला." त्यांनी गूळपाणी दिलं, खांदे खाली घ्यायला लावले, माझ्या आईची विचारपूस केली. हळूहळू जीव शांत झाला. इतका शांत, की बोलायचं धाडसही त्याच्याबरोबर ओसरलं. पुढच्या खेपेस सांगू, म्हणून मी उठलो. निघताना त्यांनी करवंटी माझ्या हातात ठेवली. "आता मला काय करायची? कचेरीत ठेवा. तुमाला लागंल."

आठवड्याने ते मुंबईला मुलाकडे गेले आणि तिथेच वारले. तक्रार कुणाची, हे त्यांना ठाऊक होतं की नाही, ते मला कळलं नाही.

पेन्शनीत निघेपर्यंत ती करवंटी माझ्या टेबलावर होती. हाताखालचे कारकून विचारायचे, "साहेब, ही कशाला?"

"टाचण्या ठेवायला," मी सांगायचो.