बायकोजवळ ठेवलेलं डोकं

पार्किन्सनला आमच्याकडं लोक ‘हात हलायचा आजार’ म्हणतात. प्रकरण हातापुरतं असतं तर मी कुरकूर केली नसती. बशीतला अर्धा चहा शर्टाला पाजायची मला सवय झालीय. उशीवर लाळ गळते, तिचीही आता शिसारी येत नाही. खरी शिसारी आली ती त्या दिवशी दवाखान्यात. आठवलं की अजून तोंड कडू होतं.

आक्काला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीलाही हाच आजार. वडिलांची जमीन तिला मिळाली नाही, निदान रोगात तरी आम्ही सारख्या वाट्याचे. ती फुलंब्रीला स्वतःच्या घरात एकटी राहते. एकदा गॅसवर दूध विसरली, तर तिच्या मुलानं ठरवून टाकलं की आईचं डोकं गेलं. घराला कुलूप घालायचं आणि तिला इथं शहरात, आपल्या फ्लॅटवर आणायचं. किल्ली त्यानं काढूनही घेतली होती. ‘डॉक्टर हो म्हणाले तर राहा तिथं,’ एवढीच सवलत ठेवलेली.

त्याच सुमारास मी क्रांती चौकात स्कूटर लावली, रिक्षानं घरी आलो आणि दोन दिवस ‘गाडी चोरीला गेली’ म्हणून बोंबलत फिरलो. त्यावर सगळं घर पोट धरून हसलं. मला कुठं कोंडावं असं कुणाच्या मनातही आलं नाही.

डोक्याची तपासणी आम्हा दोघांची एकाच दिवशी होती. आदल्या खेपेला मला पाच शब्द लक्षात ठेवायला सांगितले होते. ते मी घोकून पक्के केले होते. जाताना गाडीत आक्काच्या कानाशी लागलो, “पाठ कर. केळं, खिडकी, पितळ, मामा, पाऊस.”

“कापी करायची व्हय रं? या वयात?”

“घर पाहिजे ना तुला?”

तिनं पदरानं तोंड पुसलं आणि पुटपुटायला लागली.

आधी माझा नंबर लागला. तपासणाऱ्या बाईंनी भलतेच शब्द सांगितले. मला वाटलं, बाईंची काहीतरी गफलत झाली. थोड्या वेळानं त्यांनी शब्द विचारताच मी माझे पाच धडाधड म्हणून दाखवले.

“काका, हे मागच्या वेळचे.”

“म्हणजे स्मरणशक्ती फर्स्टक्लास म्हणा की!”

बाई हसल्या नाहीत. मग मिनिटभरात आठवतील तेवढे प्राणी सांगायचे होते. गाय, म्हैस, शेळी झाली आणि आमचा गोठा तिथंच संपला. शेवटी कागदावर घड्याळाचं चित्र काढायचं होतं. ते मात्र असं झकास काढलं की खाली सही ठोकली. माझ्यानंतर लगेच आक्काला आत नेलं, त्यामुळं तिला सावध करायला मिळालं नाही.

मग डॉक्टरांनी आक्का, तिचा मुलगा, मी आणि माझी बायको अशा चौघांना आत बोलावलं. आक्कानं माझी शिकवणी बाजूला ठेवून नवे पाचही शब्द बरोबर सांगितले होते. प्राणी तर थांबवता थांबेनात. पण तिच्या घड्याळातले सगळे आकडे एकाच बाजूला गर्दी करून बसलेले.

डॉक्टर म्हणाले, “या आजारात बायकांची शब्दांची आठवण बरेचदा जास्त टिकते, आकृत्या पुरुषांना जास्त जमतात. नियम नाही, माणसागणिक फरक असतो. त्रास दोघांनाही सुरू झालाय. एकटं राहता येईल का, हे या कागदांवरून नाही ठरत.”

भाचा उसळला. “अहो, आईचं घड्याळ बघा! कसं एकटं ठेवायचं हिला?”

“आणि मामांचे शब्द?” डॉक्टरांनी विचारलं.

“मामाचं काय, मामी हाय ना आठवायला!”

सगळे हसले. बायको हसली, डॉक्टरही हसले आणि माझ्या गोळ्यांच्या वेळा त्यांनी तिलाच सांगायला घेतल्या. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो. ते माझं खिदळणं मला अजून ऐकू येतं आणि स्वतःचीच शिसारी येते.

आक्का हसली नाही. “तुझ्या मामाचं डोकं मामीजवळ ठिवलेलं असतंय,” ती लेकाला म्हणाली. “माझं मी कुणाजवळ ठिवू? मला बायको नाय.”

मी तावातावानं उभा राहिलो. “हा सरळसरळ... हा... काय म्हणतात त्याला...”

शब्द गेला. बायकोचं तोंड सवयीनं उघडलं, पण आक्का पुढं झाली. “अन्याय. बोल पुढं.”

“अन्याय आहे! तिला घरात काम करताना बघितल्याशिवाय ते... ते दाराला...”

“कुलूप.”

“कुलूप लावायचं नाही! लावायचंच तर मलाही तुझ्या फ्लॅटवर आणून ठेव.”

मी आणि माझी लाळ आपल्या सोफ्यावर बसलेली भाच्याला स्पष्ट दिसली असावी. डॉक्टर म्हणाले, “आमचं माणूस फुलंब्रीला जाऊन बघेल. तोवर राहू द्या. गोळ्या वेळेवर घेतात का, ते शेजारच्या कुणालातरी बघायला सांगा.”

बाहेर आल्यावर भाच्यानं किल्ली तिच्या हातावर ठेवली. हात हलला आणि किल्ली खाली पडली. मी वाकलो, भाचाही वाकला. आक्कानं आम्हा दोघांनाही कोपरानं मागं सारलं, भिंत धरून सावकाश खाली वाकली आणि किल्ली उचलून कनवटीला खोचली.

मला बायकोनं दंडाला धरून लिफ्टकडं नेलं. मीही निमूट गेलो.