कोरडा आवाज

नंदुरबारच्या गॅरेजवाल्या चाचांकडे हँडल मारून चालू होणारी एक जुनी मोटार आहे. ती चालवताना ते कुणाशी बोलत नाहीत. मान जरा कलती ठेवतात आणि कान इंजिनाकडे. थांबले की इंजिनातली तेल मोजायची तेलकाडी बाहेर काढतात, तेल दोन बोटांत चोळून हुंगतात आणि बोटं पँटला पुसतात. त्यांच्या सगळ्या पँटींना एकाच जागी डाग आहे.

माझ्या मुलीची पाठवणी रनाळ्याहून त्यांच्याच मोटारीत झाली. ती मागे जावयाशेजारी हुंदके देत होती. वेशीपर्यंत सोडायला म्हणून मी पुढे बसलो होतो. वेस जवळ आली आणि चाचांनी मधेच इंजिन बंद केलं.

"काय झालं?" मी घाबरून विचारलं.

"आवाज कोरडा शे. तेल वर चढी नही ऱ्हायनं. आते चालाडी ते इंजिन जाम व्हई जाई."

त्यांनी बॉनेट उघडलं, तेलाची बारीक नळी सोडवली आणि तोंडाने फुंकली. काळ्या गाळाची गुठळी बाहेर पडली. मग ते जावयाला म्हणाले, "जवाईबापू, हांडल फिरावा. तेल येस का दखूत."

जावयाने खाली उतरून फेटा सावरला आणि जोर लावला. तेलाची चिळकांडी उडाली ती थेट त्याच्या शेरवानीवर. चाचा मात्र तेल आलं म्हणून खूश. त्यांचा तो चेहरा पाहून जावयालाच हसू फुटलं, आणि मागोमाग माझ्या मुलीलाही.

चाचांनी नळी परत बसवली. मी तिथेच उतरलो. मोटार निघाली तेव्हा ती मागे वळून हात हलवत होती, आणि अजून हसत होती.